एटी अँड टी ३बी२ : जुना बहुवापरकर्ता संगणक हाताळताना या चुका टाळा

१९५६ च्या न्यायालयीन समझोत्यामुळे एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. १ जानेवारी १९८४ रोजी कंपनीचे विभाजन झाले, ते बंधन सुटले आणि त्याच वर्षी ३बी२ हा कार्यालयात अनेकांनी एकाच वेळी वापरायचा आणि युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणारा छोटा संगणक बाजारात आला. ज्या घरात युनिक्स जन्मली त्याच घरचे हे यंत्र असून त्यातील डब्ल्यूई ३२००० मालिकेचा प्रोसेसरही घरचाच आहे, म्हणून संग्राहकांना त्याची ओढ वाटते. मात्र पीसीची सवय असलेला माणूस त्याच्यापुढे बसला की हमखास चुकतो.

पहिली चूक मागच्या बाजूला होते. तेथील आठ पिनांची चौकोनी भोके हुबेहूब आजच्या नेटवर्क केबलच्या सॉकेटसारखी दिसतात, परंतु ती आरएस-२३२ सिरियल पोर्ट, म्हणजे टर्मिनलसारखी उपकरणे जोडण्याची जुन्या पद्धतीची जोडणी-ठिकाणे, आहेत. त्यांत नेटवर्क स्विचची केबल खुपसू नये. पिनांची मांडणी पाहून अडॅप्टर तयार करावा आणि ‘कन्सोल’ असे लिहिलेल्या पोर्टला ९६०० बॉड या वेगावर टर्मिनल (पडदा व कळफलक असलेले उपकरण) जोडावे. सुरुवातीचे संदेश स्वच्छ दिसून लॉगिनची ओळ मात्र गिचमिड आली, तर दोष यंत्रात शोधण्याआधी टर्मिनलची पॅरिटी (अक्षरे तपासण्यासाठीच्या बिटची सेटिंग) तपासावी.

अनेक यंत्रे ज्या संदेशामुळे ‘मृत’ ठरवून सुट्या भागांसाठी विकली जातात, तो म्हणजे ‘एनव्हीरॅम सॅनिटी फेल्युअर’. वीज नसतानाही काही सेटिंग जपणारी ही स्मृती बॅटरीवर जगते, आणि इतक्या वर्षांत ती बॅटरी संपलेली असणारच. यंत्र मूळ मूल्ये गृहीत धरते, ‘सिस्टीम फेल्युअर’ असे लिहून व्यवस्थापन-पुस्तिका पाहायला सांगते आणि गप्प बसते. विक्रेताही घाबरतो, घेणाराही. प्रत्यक्षात ते परवलीच्या शब्दाची वाट पाहत असते. मूळ मूल्ये परत आल्यामुळे तो शब्द कारखान्यातलाच, म्हणजे लहान रोमन अक्षरांतील ‘एमसीपी’, असतो. तो टंकल्यावर कोणता प्रोग्राम चालवायचा हे यंत्र विचारते, तेव्हा युनिक्सचे नाव द्यावे आणि पुढच्या यादीतून हार्ड डिस्क निवडावी. डिस्क धड असेल तर यंत्र सुरू होते. त्यानंतर बॅटरी बदलावी, आणि जुनी गळून बोर्डावर डाग पडले आहेत का तेही पाहावे. बॅटरी चांगली असून पूर्वीच्या मालकाने परवलीचा शब्द बदललेला असेल, तर त्याच्याकडे ‘फ्लॉपी की’ आहे का, हे व्यवहारापूर्वीच विचारावे. तो शब्द मूळ पदावर आणण्यासाठीच ही चावी-फ्लॉपी बनवली जात असे.

यंत्र सुरू झाल्याच्या आनंदात लगेच नवी प्रणाली चढवणे ही महागात पडणारी चूक आहे. सुरुवातीच्या ३बी२ मधील एमएफएम या जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्क म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि त्यांच्यावर कुण्या कार्यालयाचे असे सॉफ्टवेअर असू शकते जे इतरत्र उरलेले नाही. आधी डिस्कची पूर्ण प्रत काढावी. आज्ञांचा सराव करायचाच असेल तर सिमएच या, आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या, एम्युलेटरमध्ये ३बी२/४०० उपलब्ध आहे, तेथे हवी तितकी मोडतोड करावी.

बंद करतानाची चूक तर अगदी स्वाभाविक आहे. स्विच दाबला तरी यंत्र चालूच राहते, म्हणून स्विच बिघडला असे समजून लोक वायर उपटतात. हा स्विच वीज तोडत नाही. तो युनिक्सला निरोप पाठवतो, युनिक्स आवराआवर करते आणि मग स्वतःच वीज बंद करते. मध्येच वायर काढल्यास फाइल सिस्टीम खराब होऊ शकते.

शेवटची चूक एकाच टर्मिनलवर समाधान मानण्याची. मुख्य बोर्डावर ‘कॉनटीटीवाय’ हा दुसरा पोर्ट असतो. तो मुका वाटला तर केबलला दोष देण्याआधी कोणत्या पोर्टवर काय चालवायचे हे ठरवणारी ‘इनिटटॅब’ फाइल उघडावी, त्या पोर्टच्या ओळीत ‘ऑफ’ असेल तेथे ‘रिस्पॉन’ (बंद पडल्यास पुन्हा सुरू करा) करावे आणि ‘इनिट क्यू’ ही आज्ञा द्यावी. केबल बरोबर असेल तर दुसऱ्या पडद्यावरही लॉगिनची ओळ उमटते.