औषधाला न जुमानणारा एचआयव्ही पसरू नये म्हणून काय करायचं

बऱ्याच जणांना वाटतं की रेझिस्टन्स, म्हणजे व्हायरसने औषधाला न जुमानणं, फक्त गोळ्या चुकवणाऱ्यालाच होतो, पण तसं नाहीये. ज्याने आयुष्यात एआरटीची, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराची, एक गोळीही घेतली नाही त्यालाही लागण होतानाच रेझिस्टंट व्हायरस मिळू शकतो, कारण देणाऱ्याकडे तोच होता. मार्ग नेहमीचेच, कंडोमशिवाय सेक्स, एकच सुई दोघांनी वापरणं, आणि आईकडून बाळाला पोटात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. म्हणून जमेल तिथे उपचार सुरू करतानाच जीनोटाइप टेस्टबद्दल (आपल्या व्हायरसवर कोणतं औषध चालणार नाही हे सांगणारी तपासणी) विचारा, पण तिच्यासाठी गोळ्या लांबवू नका.

आता मुख्य काम, गोळ्या. हा व्हायरस स्वतःच्या कॉप्या काढताना सारखा चुका करतो, डोस चुकले की रक्तातलं औषध कमी पडतं आणि त्या अर्धवट औषधात ज्या कॉपीला काही होत नाही तीच वाढत जाते. मनाने गोळ्या बंद करणं तर फारच वाईट, एफाविरेंझ असलेल्या गोळीत बाकीची औषधं लवकर निघून जातात पण एफाविरेंझ बरेच दिवस रेंगाळतं, म्हणजे व्हायरससमोर एकटं तेवढंच उरतं, आणि मग व्हायरसमध्ये के१०३एन नावाचा एकच बदल झाला तरी एफाविरेंझ आणि नेव्हिरापिन ही दोन्ही औषधं हातातून जातात. डोल्युटेग्राविर हे औषध बरंच दणकट आहे, म्हणजे त्याला रेझिस्टन्स सहज होत नाही, तरी उपाशीपोटी घेत असाल तर कॅल्शियम, लोहाच्या गोळीच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी घ्या, नाहीतर ते अंगात नीट शोषलं जात नाही.

व्हायरल लोडची टेस्ट (रक्तात किती व्हायरस आहे ते मोजणारी) वेळेवर करा. लोड सतत दर मिलीलीटर २०० कॉप्यांच्या खाली असेल तर सेक्समधून एचआयव्ही जात नाही, रेझिस्टंट असला तरी नाही (सुया आणि अंगावरचं दूध यांना मात्र हा नियम लावू नका). १००० च्या वर गेला तर घाबरून गोळ्या सोडू नका, चुकलेले डोस डॉक्टरांना खरे सांगा, ते रागावतील म्हणून लपवलं तर उगाच औषध बदललं जातं. रेझिस्टन्सची टेस्टसुद्धा गोळ्या चालू असतानाच करायची, बंद केल्यावर औषधाला जुमानणारा जुना व्हायरस परत वर येतो आणि रेझिस्टंट वाला रिपोर्टमध्ये दिसतच नाही, शरीरात लपून मात्र राहतो.

दोघेही पॉझिटिव्ह असाल आणि एकाचा लोड जास्त असेल तर कंडोम वापराच, दुसऱ्याचा व्हायरस वरून लागू शकतो. आणि प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची औषधं, घेणाऱ्यांनी सुरू करण्याआधी आणि नंतरही ठरल्या वेळी एचआयव्ही टेस्ट करायचीच, कारण आत लागण असेल तर प्रेपमधली औषधं एकटी पुरत नाहीत आणि रेझिस्टन्स तिथेच सुरू होतो.