नवीन आलात? मान, अंतर आणि बोलण्यातला थांबा यांकडे आधी लक्ष द्या

भाषा चांगली येत असूनही परदेशात पहिल्या काही महिन्यांत गैरसमज होतात. सगळ्यात जास्त घोटाळा मान करते. ‘हो’, ‘ऐकतोय’ आणि ‘बघू’ या तिन्हींसाठी एकाच तऱ्हेने मान डोलावली, की समोरचा त्यातून होकार काढतो आणि मुदतीच्या दिवशी दारात उभा राहतो. म्हणून उत्तर तोंडानेच द्या: “ऐकलं, उद्या सांगतो.” बल्गेरियात तर मान वर-खाली करणं परंपरेने नकार असतो, काही जण परक्यांसाठी खूण मुद्दाम उलटी करतात, म्हणजे गोंधळ दुप्पट.

अंतराचं माप एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात अमेरिकेत मांडलं: जिवलगांसाठी साधारण 45 सेंटिमीटरपर्यंत, ओळखीच्यांसाठी 1.2 मीटरपर्यंत, कामाच्या बोलण्यासाठी त्यापुढे. देशागणिक हे आकडे बदलतात, त्यामुळे पाठ करू नका. नमस्कार झाला की जागेवर थांबा, अंतर समोरच्याला ठरवू द्या. तो पाऊलभर मागे सरकला, तर तुम्ही पुढे जाऊ नका.

बोलण्यातल्या थांब्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, पण माणूस उर्मट किंवा मुखदुर्बळ ठरतो तो इथेच. दहा भाषांच्या 2009 सालच्या एका अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांतला सरासरी थांबा सेकंदाच्या पाचव्या भागाइतका निघाला. जपानीत तो जवळपास शून्य, डॅनिशमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आसपास. फरक इवलासा, तरी कानाला लगेच जाणवतो. लांब थांब्याच्या भाषेत समोरच्याचं वाक्य संपल्यावर एक श्वास जाऊ द्या. आखूड थांब्याच्या भाषेत बोलायचं असेल तर आधीच थोडं पुढे झुका, नाहीतर पाळी येतच नाही.

खाली झुकवलेली नजर काही ठिकाणी आदर, काही ठिकाणी लपवाछपवी. ऐकताना चेहऱ्याकडे बघा, बोलताना नजर मधूनच बाजूला गेली तरी चालते. हाताच्या खुणा सुरुवातीला टाळाच: ग्रीसमध्ये पंजा पसरून समोरच्याकडे करणं हा अपमान आहे, ब्रिटनमध्ये हाताची पाठ पुढे करून दाखवलेली दोन बोटं ही शिवी.

‘93 टक्के संवाद शब्दांविना होतो’ हे ऐकाल. विश्वास ठेवू नका. ते आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967च्या प्रयोगांतून आले, आणि ते प्रयोग फक्त आवड-नावड व्यक्त करण्यापुरते होते. हाताची घडी म्हणजे राग असंही नाही, थंडी वाजत असेल. आवाज, चेहरा आणि अंतर एकदम बदललं, तरच विचारा: “माझं काही चुकलं का?”