शिकारीवरच्या वटवाघळांचे सोशल कॉल नोंदवताना या चुका टाळा

शिकार करताना वटवाघळं दोन वेगळ्या कामांसाठी आवाज काढतात. एक भक्ष्य आणि अडथळे शोधायला, म्हणजे स्वतःच्याच प्रतिध्वनीसाठी. दुसरे एकमेकांसाठी: जागेवर हक्क सांगायला, जवळ आलेल्याला हुसकायला. हे दुसरे म्हणजे सोशल कॉल. माणसाच्या कानापलीकडचे आवाज (अल्ट्रासाउंड) पकडणारे स्वस्त डिटेक्टर आल्यापासून पथदिव्याखाली, तळ्याकाठी नोंदी घेणारे हौशी लोक वाढले आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्या फायलींमध्ये त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्यातल्या बहुतेक घाईमुळे होतात.

फीडिंग बझला सोशल कॉल म्हणणं

सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच.

हवेतले किडे टिपणारं लहान वटवाघूळ शोधात असताना साधारण दर १०० मिलिसेकंदांनी एक आवाज काढतं. किडा सापडला की हे अंतर घटत घटत शेवटी ५-६ मिलिसेकंदांवर येतं. डिटेक्टरवर ‘टिक, टिक’चं ‘झर्रर्र’ होतं. हाच फीडिंग बझ. पिपिस्ट्रेल (छोट्या, किडे खाणाऱ्या वटवाघळांचा एक गट) आणि त्यांच्या कुळातल्या बऱ्याच जातींमध्ये या झर्रर्रच्या शेवटी वारंवारताही खाली उतरते. नवशिका नेमका इथे फसतो. सोशल कॉल खालच्या वारंवारतेला असतात एवढंच त्याने वाचलेलं असतं, म्हणून खाली काही दिसलं की लगेच शिक्का मारतो.

पाहायचं ते मागेपुढे. बझमध्ये अंतर टप्प्याटप्प्याने कमी होत जातं, प्रत्येक आवाज आखूड होत जातो, मग क्षणभर शांतता आणि पुन्हा शोधाचे आवाज सुरू. सोशल कॉलला अशी चढण नसते. तो शोधाच्या आवाजांमध्येच अचानक येतो. ब्रिटनमधल्या कॉमन पिपिस्ट्रेलच्या कॉलमध्ये बहुधा चार भाग असतात, सोप्रानो पिपिस्ट्रेलच्या कॉलमध्ये तीन. हे आकडे आपल्याकडच्या पिपिस्ट्रेलना जसेच्या तसे लावू नका. ती जात वेगळी, तिचा आवाज वेगळा.

मागचंपुढचं का महत्त्वाचं, ते अमेरिकेतल्या मेक्सिकन फ्री-टेल्ड वटवाघळांवरून कळतं. शिकार करताना ती एक वरखाली लहरत जाणारा आवाज काढतात. तो एकटा कापून पाहिला तर आणखी एक सोशल कॉल, इतकंच म्हणता येईल. ॲरन कॉर्कोरन आणि विल्यम कॉनर या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की एका वटवाघळाचा बझ चालू असतानाच दुसरं हा आवाज त्याच्यावर टाकतं आणि त्याची शिकार हुकवतं. दोऱ्याला टांगलेल्या पतंग-किड्यावर वटवाघूळ झेपावत असताना त्यांनी हा आवाज स्पीकरवरून वाजवला. तो बझवर पडला की पतंग सुटायचा, बझच्या आधीच संपला तर फारसा परिणाम व्हायचा नाही. म्हणजे सगळा अर्थ वेळेत होता. ज्याने फाइलमधला फक्त देखणा तुकडा कापून ठेवला, त्याच्या हातात हा पुरावा कधीच येणार नाही.

माझी सवय अशी: संशयित आवाजाच्या आधीची ५ आणि नंतरची ५ सेकंदं ठेवल्याशिवाय फाइल कापायची नाही, आणि मूळ अखंड फाइल पुसायची नाही. कार्ड स्वस्त असतं, ती संध्याकाळ परत मिळत नाही.

बझ सोशल कॉल नसला तरी शेजाऱ्यांसाठी तो बातमी असतोच. इस्राएलमध्ये लांब शेपटीच्या ऱ्हायनोपोमा वटवाघळांच्या पाठीवर जीपीएस आणि सूक्ष्म मायक्रोफोन बसवून झालेल्या अभ्यासात दिसलं की ती एकमेकांचे बझ ऐकून किड्यांचे थवे शोधतात. तेव्हा ‘बझ झाला, त्यानंतर दुसरं वटवाघूळ आलं’ ही नोंद जरूर करा. फक्त तिला हाक म्हणू नका.

ट्रिगरवर विसंबणं

ट्रिगर म्हणजे ठरावीक वारंवारतेच्या वर आवाज आला तरच नोंद सुरू करणारी सोय. बरेच जण रातकिडे टाळायला ही मर्यादा २५-३० किलोहर्ट्झवर नेतात. पिपिस्ट्रेलच्या सोशल कॉलचा बराच भाग २० ते ३५ किलोहर्ट्झमध्ये असतो. म्हणजे जे ऐकायला आलो तेच गाळून टाकलं.

सूर्यास्तानंतरचा पहिला तासभर सलग नोंद करा. ३८४ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग रेट (म्हणजे आवाजाचे सेकंदाला ३,८४,००० नमुने) आणि १६ बिटला तासाला पावणेतीन जीबीच्या आसपास जागा लागते. ६४ जीबीच्या कार्डात वीसेक तास सहज बसतात. ट्रिगर वापरावाच लागला तर मर्यादा १५-१६ किलोहर्ट्झवर ठेवा आणि रातकिड्यांचा त्रास सहन करा. ते एकाच पट्ट्यात, एकाच लयीत बराच वेळ चालतात. स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार वारंवारता दाखवणारं चित्र) वाचायची सवय झाली की डोळा त्यांना आपोआप वगळतो. ही सवय न लावता सेटिंगमध्ये उत्तर शोधणं हा आळस आहे.

कमी सॅम्पलिंग रेट

१९२ किलोहर्ट्झने नोंदवलं तर ९६ किलोहर्ट्झपर्यंतच खरं दिसतं. त्यावरचं गाळणी नसेल तर दुमडून खाली येतं. आपल्याकडच्या लेण्यांत आणि जुन्या वाड्यांत आढळणारी हिप्पोसिडेरॉस स्पिओरिस ही पर्णनास जात १३० किलोहर्ट्झच्या थोडं वर बोलते. तिचा १३२चा आवाज १९२च्या नोंदीत ६०वर उमटतो, आणि लगेच ‘अनोळखी सोशल कॉल’ म्हणून फाइल फिरू लागते. ओळखायची खूण सोपी आहे. या जातीचा आवाज आधी सपाट जातो आणि शेवटी खाली घसरतो. दुमडलेल्या नोंदीत तीच शेपटी वर वळलेली दिसते. तशी दिसली तर जागा बदलू नका, सेटिंग बदला: ३८४.

आवाज कोणाचा, हे गृहीत धरणं

२० किलोहर्ट्झचा आवाज हवेत दर मीटरला साधारण अर्धा डेसिबल क्षीण होतो, ४०चा सव्वा डेसिबलच्या आसपास. त्यामुळे खालचा सोशल कॉल अशा वटवाघळाचाही असू शकतो, ज्याचे शोधाचे आवाज मायक्रोफोनपर्यंत पोचलेलेच नाहीत. फाइलमध्ये एकाचेच ठळक आवाज आहेत म्हणून सोशल कॉलही त्याचाच, असं ठरवू नका. दोन मायक्रोफोन काही मीटर अंतरावर लावले तर निदान कुठल्या बाजूने आला ते कळतं.

तसंच, दोन वटवाघळांचे शोधाचे आवाज आलटून पालटून पडले की ते संभाषण वाटतं. प्रत्येकाची लय वेगळी मोजा. दोन्ही लयी आपापल्या चालत असतील तर तिथे फक्त दोघं एकाच दिव्याखाली शिकार करत आहेत.

थोडक्यात बाकीच्या

गेन (मायक्रोफोनचा आवाज वाढवायची सोय) शेवटपर्यंत वाढवणं: जवळून गेलेल्या वटवाघळाचा आवाज कापला जातो आणि खोटे हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या पटीतले आवाज) उमटतात. मध्यम पुरे.

मायक्रोफोन भिंतीला किंवा पाण्याला चिकटून ठेवणं: प्रतिध्वनी दुसरं वटवाघूळ वाटतो. दोन-तीन मीटर उंच बांबूवर बांधा.

किल्ल्या, प्लास्टिकची पिशवी, नायलॉनचं जाकीट: तिन्हींतून भरपूर अल्ट्रासाउंड निघतो.

व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून फाइल पाठवणं: अल्ट्रासाउंड उडून जातो. मूळ डब्ल्यूएव्ही ड्राइव्हवरून पाठवा.

उंबरावर भांडणाऱ्या मोठ्या फळवटवाघळांकडे अल्ट्रासाउंड डिटेक्टर रोखणं: ती इकोलोकेशन (प्रतिध्वनीवरून वाट शोधणं) करत नाहीत आणि त्यांचा कलकलाट कानाला ऐकू येतो. साधा ४८ किलोहर्ट्झचा रेकॉर्डर घ्या.

युरोप-अमेरिकेतल्या जातींवर शिकवलेल्या सॉफ्टवेअरने सोशल कॉलला दिलेलं नाव मान्य करणं: करू नका.

‘वाजवून बघू काय होतं’

फोनचा स्पीकर २० किलोहर्ट्झच्या वर जवळपास काहीच वाजवत नाही, त्यामुळे ‘प्रतिसाद मिळाला नाही’ या निष्कर्षाला काही किंमत नाही. अल्ट्रासाउंड स्पीकर असेल तर तो जास्तच जपून वापरायचा. ब्रिटनमधल्या पिपिस्ट्रेलवरच्या प्रयोगात, किडे कमी असताना स्वजातीचे सोशल कॉल वाजवल्यावर तिथली वटवाघळांची वर्दळ घटली. म्हणजे आपण बटण दाबलं की एखादं वटवाघूळ नेमकं उपासमारीच्या संध्याकाळी आपली जागा सोडून जाऊ शकतं. पिल्लांना दूध पाजणारी मादी असेल तर हे आणखी महागात पडतं. ठरवलेला प्रश्न, तुलनेसाठी मूक किंवा परका आवाज, आणि लागेल तिथे वनखात्याची परवानगी हाताशी नसेल तर स्पीकर घरीच ठेवा.