‘मेसाया’चं थेट रेकॉर्डिंग कसं पारखावं

हँडेलच्या ‘मेसाया’चं, म्हणजे एकल गायक, कॉयर (गायकवृंद) आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या त्याच्या धार्मिक संगीतरचनेचं, रेकॉर्डिंग त्यातलं ‘हॅलेलुया’ हे समूहगान ऐकून जोखा, असं सांगणाऱ्यांकडे साफ दुर्लक्ष करा. तिथे ट्रम्पेट आणि टिंपनी (मोठे नगारे) इतकं झाकून नेतात की कच्चा कॉयरही पक्का वाटतो. कॉयर मोठा म्हणजे रेकॉर्डिंग भारी, हेही खोटं. १७४२मध्ये डब्लिनला पहिला प्रयोग झाला तो लहान समूहावरच.

हेडफोन लावा. आवाज एकदा ठरवला की हलवू नका.

आता थेट तिसऱ्या भागातल्या ‘सिन्स बाय मॅन केम डेथ’वर जा. मला सगळ्यात जड गेली ती हीच पायरी. सुरुवातीला कॉयर एकटाच, संथ आणि हळू आवाजात गातो. वाद्यांचा आधार सुटला की सूर उतरायला लागतो, पण सगळे मिळून उतरत असल्यामुळे कानाला पत्ता लागत नाही. मग ऑर्केस्ट्रा एकदम जोरात येतो. त्या सांध्यावर कान ठेवा. वाद्यं चढी लागल्यासारखी वाटली, तर कॉयर उतरलेला आहे. पहिल्यांदा निसटलं तर दुसऱ्यांदा पकडा, पुढे लगेच हाच प्रकार पुन्हा येतो.

दोन ठिकाणी सांभाळा. काही कंडक्टर (वादक-गायकांचे संचालक) इथे ऑर्गनचा हलका आधार देतात. तळाशी तो ऐकू आला तर ही परीक्षा बाद. दुसरं, ‘लाइव्ह’ छापलेलं रेकॉर्डिंग बरेचदा दोन-तीन संध्याकाळींचं जोडकाम असतं. शांत जागी सभागृहाची बारीक कुजबुज चालू असते. ती सांध्यावर अचानक बदलली, तर तिथल्या सुरेलपणाचे गुण देऊ नका.

मग पहिल्या भागातलं ‘फॉर अंटू अस’ हे समूहगान. यातल्या ‘बॉर्न’वरच्या लांब ताना हँडेलने मुळात दोन आवाजांच्या इटालियन द्वंद्वगीतासाठी लिहिल्या होत्या, म्हणून अख्ख्या समूहाला त्या अवघड जातात. स्वर एकमेकांत मिसळले तर लगेच कॉयरला दोष देऊ नका. व्हायोलिनचे जलद स्वरही पुसट असतील तर दोष इमारतीच्या घुमण्याचा. व्हायोलिन स्वच्छ आणि ताना पुसट, तर मात्र कॉयरचाच.

कॉयरमधले मधल्या पट्टीचे आवाज, आल्टो (स्त्रियांचा खालचा) आणि टेनर (पुरुषांचा वरचा), वेगळे ऐकू यायलाच हवेत. एकल गायकांचं ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडा.

शेवटच्या ‘आमेन’पर्यंत सोप्रानो (सगळ्यात वरच्या पट्टीत गाणाऱ्या) दमलेल्या असतात. वरचे स्वर जरा ताणले गेले तर मी गुण कापत नाही. लय ढिली पडली तर कापतो.