ग्रँटच्या अर्जाआधी: एथिक्स कमिटीचं प्रमाणपत्र बघा, मग बाकीचं

मेडिकल कॉलेजात शिकवता शिकवता पहिल्यांदाच बाहेरच्या पैशावर संशोधन करायला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. संशोधनाचा प्रश्न, सॅम्पल साइज, स्टॅटिस्टिक्स यावर काही सांगत नाही. ते पक्कं नसेल तर अर्जाची वेळच आलेली नाही. बायोडेटा आणि प्रकाशनांची यादी तयार असेलच.

सुरुवात आपल्या कॉलेजच्या एथिक्स कमिटीच्या (माणसांवरचं संशोधन नैतिक आहे का हे तपासणाऱ्या समितीच्या) नोंदणी प्रमाणपत्रापासून करा. कॉल (निधीसाठी अर्ज मागवल्याची घोषणा) निघायची वाट बघू नका. कमिटीने तुमच्या अभ्यासाला दिलेली मंजुरी वेगळी. मी खुद्द कमिटीच्या नोंदणीबद्दल बोलतेय. बरेचदा अर्ज भरताना ती कुणी मागत नाही, म्हणूनच ती राहून जाते. मागतात निवड झाल्यावर, पैसे सुटायच्या तोंडावर. गेल्या खेपेला 'आपली कमिटी रजिस्टर्ड आहे हो' या वाक्यावर मी विसंबले. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा त्याची मुदत कधीच उलटली होती, आणि मिळालेली ग्रँट गेली.

प्रमाणपत्रावर दोन गोष्टी बघायच्या. नोंदणी कुणाकडची आहे, ही पहिली. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांनी दोन वाटा केल्यात. औषधांच्या ट्रायल तपासणाऱ्या कमिटीची नोंदणी सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे होते. बाकीचं जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधन तपासायचं तर नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे, म्हणजे डीएचआरकडे लागते. कंपन्यांच्या ट्रायल चालतात त्या कॉलेजात पहिली नोंदणी असते आणि तिच्या जोरावर सगळे निर्धास्त असतात. तुम्ही वस्तीतला अ‍ॅनिमिया मोजणार असाल तर ती तुमच्या कामाची नाही. दुसरी गोष्ट तारीख. डीएचआरची तात्पुरती नोंदणी दोन वर्षं चालते, पक्की पाच वर्षं. तुमच्या प्रकल्पाच्या मधेच ती संपणार असेल तर नूतनीकरणाचा विषय आत्ताच काढा. हे काम एका सहीचं नाही. अध्यक्ष कॉलेजबाहेरचा हवा, वकील हवा, समाजशास्त्रातलं कुणी हवं, एक सामान्य नागरिक हवा. या सगळ्यांचे बायोडेटा आणि प्रशिक्षणाचे दाखले गोळा करता करता ऋतू पालटतो. कमिटीचे मेंबर सेक्रेटरी रागावतील. रागावू देत. प्रमाणपत्राची प्रत काढून स्वतःच्या फाइलमध्ये लावा.

आता पैसा कुठे शोधायचा ते. सार्वजनिक आरोग्य आणि क्लिनिकल विषयांना आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हे पहिलं दार. प्रयोगशाळेतलं मूलभूत काम असेल तर जैवतंत्रज्ञान विभाग बघा, शिवाय एएनआरएफ (केंद्राची संशोधनाला निधी देणारी संस्था), जिच्यात जुनी सर्ब विलीन झाली. लोक अजून सर्बच म्हणतात, पण कॉल नव्या नावाने शोधा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छोट्या ग्रँटला नाक मुरडू नका. पहिल्या अर्जात 'आधी हाताळलेला निधी' हा रकाना भरायला तीच कामी येते. एमबीबीएसची मुलं हाताशी असतील तर त्यांच्याकडून आयसीएमआरच्या एसटीएसचा (विद्यार्थ्यांच्या अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्तीचा) अर्ज भरून घ्या. दोन महिन्यांच्या त्या कामातून पायलटचा (छोट्या प्राथमिक अभ्यासाचा) डेटा निघतो, आणि पायलटशिवाय मोठा अर्ज पोकळ वाटतो. बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या बिग या ग्रँटचे ५० लाख सगळ्यांना दिसतात, पण ते उपकरण किंवा उत्पादन बनवणाऱ्यांसाठी आहेत. सर्व्हे घेऊन तिकडे जाऊ नका. कॉलची जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचा. वयाची अट, नियमित नोकरीची अट, एका पीआयकडे (प्रमुख संशोधकाकडे) चालू प्रकल्प किती चालतील याची अट, सगळं तिथेच दडलेलं असतं.

परदेशी पैसा असेल तर आणखी दोन फाटे. परदेशी सहकार्याला आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते. तो अर्ज आयसीएमआरमार्फत जातो. कॉलेज खाजगी ट्रस्टचं असेल तर एफसीआरए (परदेशी पैसा घेण्याची सरकारी नोंदणी) आहे का, हे ट्रस्टच्या ऑफिसात विचारा. डीनना विचारून उपयोग नाही, त्यांना बहुधा माहीत नसतं. आणि या स्क्रीनिंग कमिटीकडेही एथिक्सची मंजुरी जोडावीच लागते. ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत) पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी करायची, तिथेही तेच. म्हणून म्हणते, ते प्रमाणपत्र बघा. अजून पाहिलं नसेल तर हे वाचणं थांबवा आणि बघून या.

कन्सेंट फॉर्म मराठीत करताना इंग्रजीचा शब्दशः अनुवाद करू नका. 'यादृच्छिक पद्धतीने वाटप' हे गावातल्या बाईला कळत नाही. 'कुणाला कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरेल' हे कळतं. मेळघाटात काम असेल तर कोरकू येणारा माणूस लागेल. त्याचा पगार बजेटमध्ये धरा.

बजेट. कोटेशन जीएसटी धरून मागा. माणसांचे पगार पैसे देणाऱ्या संस्थेच्या दरपत्रकाप्रमाणे लावा, मनाने नको. गाडीभाडं, सॅम्पल वाहून न्यायचा बर्फ, डीप फ्रीझरची देखभाल, भाग घेणाऱ्याला इजा झाल्यास विमा, हे हमखास राहतं. लॅपटॉप मात्र कुणी विसरत नाही. ओव्हरहेड (कॉलेजच्या इतर खर्चाचा वाटा) म्हणून कॉलेज किती कापणार, हे लेखी घ्या.

डीनचं संमतीपत्र पैसे देणाऱ्या संस्थेच्या ठरलेल्या नमुन्यातच हवं, कॉलेजच्या लेटरहेडवरचं गोड पत्र चालत नाही. को-पीआय दुसऱ्या कॉलेजचा असेल तर त्यांच्या एथिक्स कमिटीची नोंदणी पण. हो, त्यांचीसुद्धा. कुणाकडची आणि कधीपर्यंतची, दोन्ही. फोनवर विचारू नका, प्रत मागवा.

पोर्टलवर खातं आधीच उघडा, पीडीएफचा आकार आधीच बसवून बघा, शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो. पोचपावतीची प्रिंट काढा.

मिळाल्यावर: पीएफएमएसवर (सरकारी निधीचा हिशेब ठेवणाऱ्या पोर्टलवर) खातं, भरतीची जाहिरात, खरेदी जेममधून (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून), स्टॉक रजिस्टर. अकाउंट सेक्शनमधल्या एकाशी तरी नीट ओळख ठेवा. ३१ मार्चनंतर यूसी (निधी वापरल्याचा दाखला) केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-अ नमुन्यात, सोबत खर्चाचं विवरण. ते अडलं की पुढचा हप्ता अडतो, आणि प्रोजेक्टवरच्या मुलांचे पगार तुम्हाला खिशातून द्यावे लागतात.