माहिती अधिकारात 'का' विचारू नका, कागद मागा

पावसाळा सरला की पुण्यातील बहुतेक सोसायट्यांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो: समोरचा रस्ता याच उन्हाळ्यात केला होता, मग तो इतक्यात उखडला कसा? याचे उत्तर ज्या कागदांत दडलेले असते, ते पाहण्याचा हक्क माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. मात्र मनातला प्रश्न जसाच्या तसा अर्जात उतरवला, तर हाती काहीही लागत नाही.

माझ्या पहिल्या अर्जात मी "रस्ता चार महिन्यांत का खराब झाला आणि जबाबदार कोण?" असे विचारले होते. उत्तर एका ओळीचे आले: प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. राग आला, तरी कायद्याच्या दृष्टीने अधिकाऱ्याचे चुकले नव्हते. कलम 2 प्रमाणे माहिती म्हणजे कार्यालयाच्या अभिलेखात असलेला मजकूर. जे अभिलेखात नाही त्याची कारणमीमांसा करून देण्याचे बंधन जनमाहिती अधिकाऱ्यावर, म्हणजे कार्यालयात माहिती देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यावर, नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये स्पष्ट केलेले आहे.

म्हणून दुसऱ्या अर्जात मी एवढेच लिहिले: "अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याच्या डांबरीकरणाचे पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने आणि अदा केलेली देयके यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात, तत्पूर्वी मूळ अभिलेखाचे अवलोकन करू द्यावे." पूर्वगणनपत्रक म्हणजे कामाच्या खर्चाचा आधी केलेला अंदाज आणि कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम करण्याचा दिलेला लेखी आदेश. पण यांतील मोजमाप पुस्तिका सर्वांत महत्त्वाची. तिच्यात केलेल्या कामाची लांबी, रुंदी आणि थराची जाडी नोंदलेली असते आणि त्या नोंदींवरूनच ठेकेदाराचे देयक निघते. रुंदीच्या रकान्यातील आकडा वहीत उतरवून घ्यावा आणि घरी परतताना टेपने रस्ता मोजावा. कार्यादेशात किंवा निविदेच्या अटींत दोष दायित्व कालावधीही, म्हणजे कामातील दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असण्याची मुदतही, सापडतो. तो संपलेला नसेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते आणि तशी लेखी मागणी आपल्याला करता येते.

अवलोकनाचा आग्रह मी मुद्दाम धरतो. नस्ती म्हणजे कार्यालयाची फाइल समोर उघडल्यावर, ज्यांचे नावही आपल्याला ठाऊक नव्हते असे कागद दिसतात, आणि नेमकी हवी तेवढीच पाने निवडून प्रती मागता येतात.

अर्ज महाराष्ट्राच्या नियमांतील जोडपत्र 'अ' या नमुन्यात करावा. विषय एकच ठेवावा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत बसवावा. शुल्क 10 रुपये असून ते कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला पुराव्याची प्रत जोडल्यास ते माफ आहे. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची गरज नाही आणि कोणी विचारल्यास कलम 6(2) नम्रपणे दाखवावे. मोठ्या रस्त्यांची कामे साधारणपणे महापालिकेच्या पथ विभागाकडे आणि आतल्या गल्ल्यांची क्षेत्रीय कार्यालयाकडे असतात. रस्ता दुसऱ्याच प्राधिकरणाचा निघाला, तर कलम 6(3) नुसार अर्ज पाच दिवसांच्या आत तिकडे वर्ग करणे बंधनकारक आहे. आपल्या स्थळप्रतीवर, म्हणजे स्वतःजवळ ठेवायच्या अर्जाच्या प्रतीवर, तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, कारण उत्तराची मुदत त्या शिक्क्यावरून मोजली जाते.

उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. ती उलटूनही उत्तर न आल्यास तो नकारच समजला जातो, आणि नंतर मिळणारी माहिती कलम 7(6) प्रमाणे विनामूल्य द्यावी लागते. अशा वेळी त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, जोडपत्र 'ब' मध्ये, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून 30 दिवसांच्या आत अपील करावे. पुष्कळ अर्जदार याच टप्प्यावर थकून थांबतात, याचे मला फार वाईट वाटते. अपिलाची सुनावणी लागली की न सापडणारी नस्ती अनेकदा सापडते. सुनावणीला स्वतः जावे आणि कोणता कागद मिळाला नाही, एवढेच सांगावे.

त्यानेही न भागल्यास 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते. विनाकारण माहिती अडवल्याचे सिद्ध झाले, तर आयोग संबंधित अधिकाऱ्याला दररोज 250 रुपये, कमाल 25,000 रुपयांपर्यंत दंड करतो. तेथे तारीख लागायला बराच काळ जातो, म्हणून मूळ अर्ज, पोच, उत्तर आणि पहिल्या अपिलाचा आदेश पहिल्या दिवसापासून एकाच फायलीत लावून ठेवावा.