स्टेअरिंग अँगल सेन्सरवर संशय आहे? मग आधी ही तयारी करा

घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चिन्ह डॅशबोर्डवरून जाईनासं झालं आणि स्कॅनरवर स्टेअरिंग अँगल सेन्सरचा कोड आला, की बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: सेन्सर बदला. तो मानायच्या आधी थांबा. स्टेअरिंग किती अंश फिरलंय हे मोजणारा हा सेन्सर स्टेअरिंग कॉलमवर असतो, अनेक गाड्यांत क्लॉक स्प्रिंगला (फिरत्या स्टेअरिंगपर्यंत वायरी नेणारी गुंडाळलेली पट्टी) जोडूनच आणि एअरबॅगच्या मागे. पार्ट महाग, तिथवर पोचायचं काम जोखमीचं. शिवाय कोडचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो, की मिळालेला कोन ईएससीच्या (गाडी घसरू नये म्हणून सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्यूलला पटला नाही. तो का पटला नाही हे शोधायचं, तर गाडी आधी अशा स्थितीत आणावी लागते की स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवता येईल.

सुरुवात वहीपासून करा. दिवा लागण्याआधी गाडीवर कोणतं काम झालं, ते मालकाकडून नीट विचारून लिहून घ्या. अलाइनमेंट झाली, टाय रॉड बदलला, स्टेअरिंग रॅक उतरवला, बॅटरी काढली, यातलं काहीही असेल तर सेन्सर धडधाकट असूनही त्याचा शून्य (स्टेअरिंग सरळ असतानाची नोंद) सरकलेला किंवा पुसलेला असू शकतो. काही गाड्यांत स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून थोडं सरळ चालवलं की शून्य परत बसतो; काहींना स्कॅनरच लागतो. आपल्या गाडीची पद्धत कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा, शेजारच्या गाडीवरून ठरवू नका.

स्कॅनर एबीएस, ईएससी आणि पॉवर स्टेअरिंगची मॉड्यूल वाचणारा, लाइव्ह डेटा दाखवणारा आणि शून्य बसवू शकणारा हवा. मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर बहुधा इंजिनापुरतेच चालतात. सोबत मल्टिमीटर, कपलरच्या (वायरींच्या जोडाच्या) मागून घालायच्या बारीक पिना, हवेचं गेज, मास्किंग टेप आणि त्याच मॉडेलचं, त्याच वर्षाचं वायरिंग डायग्राम ठेवा. डायग्राम नसेल तर वायरींना हात लावू नका.

आता गाडी. बंद गाडीच्या चार्ज बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग पुष्कळ करंट ओढतं, आणि अशक्त बॅटरीवर कोड वाटेल तसे येतात. चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले, हवा बरोबर. हे उगीच सांगत नाही: ईएससी स्टेअरिंगचा कोन चाकांच्या वेगाशी आणि गाडी किती वळतेय हे मोजणाऱ्या यॉ सेन्सरशी ताडून पाहतं. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर असेल तर सरळ रस्त्यावरही हिशेब जुळत नाही आणि दोष मात्र भलत्याच सेन्सरच्या नावावर लागतो. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि कॉलमच्या जॉइंटमधला प्ले तपासा. अलाइनमेंट करायची असेल तर आत्ताच, कारण शून्य त्यानंतर बसवायचा असतो.

मग सगळ्या मॉड्यूलचे कोड वाचा आणि पुसण्याआधी फोटो काढा. यू ०१२६ म्हणजे सेन्सरच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला. तिथे सुरुवात फ्यूज, अर्थिंग आणि वायरिंगपासून. यू ०४२८ म्हणजे माहिती येतेय, पण ती ग्राह्य नाही. सी ००५१ थेट स्टेअरिंगच्या स्थितीबद्दल बोलतो. कंपन्यांचे स्वतःचे कोडही असतात. एअरबॅगचा दिवा, हॉर्न आणि स्टेअरिंगवरची बटणं यांचीही तक्रार असेल तर पहिला संशय क्लॉक स्प्रिंगवर, कारण त्या सगळ्यांच्या वायरी तिच्या पट्टीतून जातात.

खरा निकाल लाइव्ह डेटात लागतो, तिथे घाई नको. सपाट जागी चाकं सरळ करून स्टेअरिंगच्या माथ्यावर टेप लावा, इंजिन चालू ठेवा आणि कोन पाहा. शून्याच्या जवळपास असायला हवा. किती फरक चालतो ते मॅन्युअल सांगतं. आता अगदी हळू फिरवा, कारण काही स्कॅनरचा आकडा उशिरा बदलतो आणि ती उडी सेन्सरची वाटते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन फेरे होत असतील तर दोन्ही बाजूंना साधारण ५४० अंश यावेत, चिन्ह उलट. टोकाला दाबून धरू नका. सगळीकडे सारखाच फरक, समजा १२ अंशांचा, दिसला तर प्रश्न शून्याचा किंवा अलाइनमेंटचा आहे. दर वेळी त्याच जागी आकडा उडत असेल तर सेन्सरच्या आतच बिघाड. कॉलम वरखाली केल्यावर किंवा कपलर हलवल्यावर उडत असेल तर जोड सैल आहे. त्याच बैठकीत उभ्या गाडीचा यॉ रेट शून्याजवळ आहे ना, तेही पाहून घ्या.

संपर्काचा कोड असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास असेल तर कॅनची (मॉड्यूलना आपसात जोडणाऱ्या दोन वायरींची) जोडी ठीक; १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर लागत नाहीय. गेटवे (वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडणारं मॉड्यूल) असलेल्या गाड्यांत हे माप गेटवेपर्यंतचंच असतं, म्हणून सेन्सरच्या कपलरवरही मोजा. पावसाळ्यानंतर ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचलून ओल आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जरूर बघा.

एवढं करूनही सेन्सरच दोषी ठरला तरच स्टेअरिंग उघडायचं. चाकं सरळ, चावी बंद, निगेटिव्ह काढलेली, आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरवर मल्टिमीटर कधीही लावू नका. काढलेली एअरबॅग कव्हर वर करून ठेवा. स्टेअरिंग आणि शाफ्टवर खूण करा, क्लॉक स्प्रिंग फिरू नये म्हणून टेप लावा. ती मध्यावर नसेल तर पहिल्याच पूर्ण वळणात पट्टी तुटू शकते. आणि पार्ट मागवण्याआधी दोन गोष्टी ठरवून ठेवा: पार्ट नंबर जुन्याशी जुळवणं, आणि नवीन सेन्सरचा शून्य कोण, कुठल्या स्कॅनरवर बसवणार.